एक मचवा, दोन परवाने

रविवारी दुपारच्या जेवणाला कॉर्सनांच्या घरी रंगाचे दोन डबे आले. दोन्ही फडक्यात गुंडाळलेले, उघडल्यावर आतून पक्वान्न निघेल असे. काळा डबा थोरली सून हेस्टर घेऊन आली आणि निळा धाकटी, फीबी. दोघींनी आपापला डबा कपाटावर ठेवला, गोड आवाजात एकमेकींच्या तब्येतीची चौकशी केली, आणि टेबलावर ताटल्या यायच्या आधीच सगळ्यांना कळून चुकलं की आजचं जेवण काही अंगी लागायचं नाही.

म्हाताऱ्या गेरिटनं सगळ्यांना बोलावलं होतं ते मचव्याच्या शिडावर काय रंगवायचं हे ठरवायला. ऐकायला क्षुल्लक वाटतं, पण आमच्या बेटावर एवढ्यावरून ठरलेली लग्नं मोडली आहेत.

कॉर्सनांच्या तीन पिढ्यांनी दुसरा धंदा केला नाही. समुद्रातून येणारं जहाज गाठायचं, दोरीच्या शिडीनं वर चढायचं आणि खाडीच्या तोंडाशी असलेल्या हूकच्या दीपगृहापासून वाळूचे दांडे चुकवत ते न्यूयॉर्क शहराच्या धक्क्याला सुखरूप लावायचं. वाटाडे म्हणतात त्यांना. जहाजाचं बूड पाण्यात किती फूट आहे त्यावर फी. फुटाला किती, ते सरकार ठरवणार. परवाने किती जणांना द्यायचे, तेही सरकार ठरवणार. आणि जो वाटाड्या पहिली हाक मारील त्यालाच कप्तानानं घ्यायचं. नाही घेतलं तरी फी काही चुकत नाही. कायदा इतका सोपा आहे की त्यावरून आमच्याकडे रोज भांडण होतं.

थोरला कॉर्नेलियस न्यूयॉर्कचा परवाना घेऊन वीस वर्षं जहाजं आणत होता. धाकटा ट्यूनिस बावीस वर्षं मचवा हाकत होता. म्हणजे आधी बाबाला, मग दादाला जहाजापर्यंत न्यायचं, दादा शिडी चढून वर गेला की रिकामा मचवा एकट्यानं घरी आणायचा. न्यूयॉर्कचे परवाने मोजके. एखादी जागा रिकामी व्हायची वाट बघता बघता ट्यूनिसची दाढी पांढरी व्हायला लागली. परीक्षा त्यानं दोनदा दिली होती, दोन्ही वेळा पास झाला होता, आणि दोन्ही वेळा 'जागा नाही' एवढं ऐकून परत आला होता.

मग यंदा मार्चमध्ये तिकडे वॉशिंग्टनला काँग्रेसनं कायदा केला, की दोन राज्यांच्या मधल्या पाण्यात दोहोंपैकी कुठल्याही राज्याचा परवाना चालेल. ट्यूनिस कोणाला काही न बोलता होडी वल्हवत पलीकडच्या राज्यात, जर्सीला गेला आणि तिथला परवाना घेऊन आला. तिथला रहिवासी दिसावा म्हणून त्यानं एक खोलीही घेतली. खोलीत एक खुर्ची आहे. चांगली खुर्ची आहे, असं फीबी सगळ्यांना सांगते.

आमच्याकडे घरातला मुलगा दारू प्यायला लागला तर लोक दोन दिवस बोलतात. जर्सीचा परवाना घेतला तर नातवंडांना ऐकवतात. त्यात मचवा दोघा भावांचा अर्धा अर्धा, खुद्द बापानंच तसा वाटून दिलेला. त्याचं नाव 'आल्टजे', गेरिटच्या दिवंगत बायकोचं. ती होती तोवर त्या घरात दोन मतं कधी पडली नाहीत, कारण मत फक्त तिलाच असायचं. आता शिडावर न्यूयॉर्कचा काळा आकडा ठेवायचा की जर्सीचं निळं अक्षर काढायचं, हा प्रश्न होता, आणि मचवा अर्धा करता येतो तसं शीड काही अर्धं करता येत नाही.

थोरली बहीण जेमायमा बापाचं घर सांभाळते. नवरा वारला तेव्हापासून तिनं दोन गोष्टी घट्ट धरल्या, चूल आणि धाकट्या भावंडांवरचा हक्क. तिनं कालवांचा रस्सा आणून ठेवला आणि कॉर्नेलियसला आधी वाढलं. त्यावरून ती कोणाच्या बाजूची आहे हे सगळ्यांना समजलं. मागच्या नाताळात त्यानं तिला भिंतीवरचं घड्याळ आणून दिलं होतं ना.

कॉर्नेलियसनं रस्सा संपवला, तोंड पुसलं आणि बोलायला सुरुवात केली. तो घरात बोलला तरी सभेत बोलल्यासारखा बोलतो. त्याचं म्हणणं असं, की ट्यूनिसनं परवाना काढला, ठीक आहे, हौस झाली. पण मचव्याला मचव्याची शिस्त असते. "आजोबांपासून आपल्या मचव्यावर एकच नियम आहे," तो म्हणाला. "हाक मचव्याची, माणूस पाळीचा. ओरडायला कोणीही ओरडो, जहाजावर जायचं ते ज्याची पाळी त्यानं. हा नियम गव्हर्नर आला तरी मोडायचा नाही."

"मान्य," ट्यूनिस म्हणाला. "मग मला पाळीत घे."

कॉर्नेलियस हसला. पाळी परवानेवाल्यांची, म्हणाला. ट्यूनिसनं खिशातून घडी घातलेला कागद काढून रश्श्याच्या भांड्याजवळ ठेवला. कॉर्नेलियसनं त्याच्याकडे न बघता, हा परवाना नव्हे, ही पाहुण्यांच्या घरची चिठ्ठी आहे, असं सांगितलं.

हेस्टरला हे बोलणं ऐकून बरं वाटलं. चर्चमध्ये तिची जागा तिसऱ्या ओळीत, कारण ती वाटाड्याची बायको. मागच्या रविवारी पुढच्या ओळीतल्या बाईनं मान वळवून विचारलं होतं, तुमच्या घरात म्हणे आता जर्सीचंही कोणी आहे? तेव्हापासून हेस्टरला झोप नव्हती. तिच्या मते दीराला परवाना हवा होता हे ठीक, पण माणसानं आपल्या काठावर उपाशी राहावं, पलीकडे जाऊन जेवू नये.

गेरिट टेबलाच्या टोकाला बसून रस्सा भुरकत होता. त्याला कोणी काही विचारलं की तो कानाला हात लावून "काय?" म्हणायचा. चार मैलांवरच्या जहाजाची घंटा ऐकणारा म्हातारा. सुनांना वाटायचं बहिरा झाला. आम्हाला विचाराल तर त्याला दोन मुलांपैकी एकाचं नाव घ्यायची वेळ येऊ द्यायची नव्हती, आणि कान हा त्यावर सोपा उपाय होता.

हेस्टर बोलली नसती तर दुपार कदाचित तशीच गेली असती. पण तिनं चमचा खाली ठेवला आणि हळूच म्हणाली, "वन्सं, रश्श्यात जरा वाळू कचकचतेय का हो?"

जेमायमाच्या रश्श्याला तीस वर्षांत कोणी नाव ठेवलं नव्हतं. फीबी हुशार. तिनं भांडं पुढे ओढलं, दोन पळ्या वाढून घेतल्या आणि मला तर काही लागत नाही, म्हणाली. कचकचत असणार, पण फीबीनं ती वाळू लोण्यासारखी गिळली. झालं. घड्याळाची पुण्याई त्या क्षणी संपली आणि जेमायमा उठून ट्यूनिसच्या खुर्चीमागे जाऊन उभी राहिली.

"वाळूचं राहू दे," ती हेस्टरला म्हणाली. "बाबांची जागा रिकामी झाली तेव्हा ती कोणाच्या घशात गेली, ते सांग आधी."

दोन वर्षांपूर्वी डोळे अधू झाले म्हणून गेरिटनं आपला परवाना परत केला होता. ती जागा हेस्टरच्या भावाला, लॅम्बर्टला मिळाली. लॅम्बर्टला वाळूचा दांडा आणि जेवणाची मेज यांतला फरक कळत नाही, असं किनाऱ्यावर सगळेच म्हणतात. ट्यूनिसला वाटत होतं, परवाने देणाऱ्या साहेबांची मर्जी, आपलं नशीब. जेमायमानं आता सगळं भडाभडा सांगून टाकलं: शहरातल्या साहेबांनी कॉर्नेलियसला विचारलं होतं, लायक माणूस सांगा म्हणून. आणि कॉर्नेलियसनं लॅम्बर्टचं नाव दिलं होतं. बाबांना हे ठाऊक होतं. तिलाही ठाऊक होतं. घरात शांतता राहावी म्हणून दोघं गप्प बसली होती.

"आयत्या बिळावर नागोबा," फीबी पुटपुटली.

ट्यूनिस चिडला असता तर कॉर्नेलियसला सोपं गेलं असतं. ट्यूनिस फक्त त्याच्याकडे बघत राहिला, वारा पडल्यावर शिडाकडे बघावं तसा. मग त्यानं विचारलं, "का रे दादा?"

कॉर्नेलियस पाणी प्यायला. त्याच्या मनात पाच-सहा उत्तरं आली, सगळी सभेत शोभणारी. पण तोंडून निघालं ते खरं निघालं, आणि खरं नेहमी वाईट कपड्यांत येतं. "तू वर गेलास तर मचवा घरी कोण आणणार?" तो म्हणाला. "तुझ्यासारखा मचवा कोणाला हाकता येतो?"

इतकी वर्षं भावाच्या तोंडून एक शाबासकी ऐकायची ट्यूनिसची इच्छा होती. ती मिळाली, आणि ऐकून त्यानं ताटली दूर सारली.

हेस्टर उठून खिडकीशी गेली. तिला कोणाच्या तोंडाकडे बघायचं नव्हतं, म्हणून तिनं खिडकीतली सासऱ्याची दुर्बीण डोळ्याला लावली. तीन दिवसांचं धुकं नुकतंच उठत होतं. बेटावरचे बाकी सगळे मचवे त्या धुक्यात कुठेतरी दूर समुद्रात अडकून पडले होते. "अगं बाई," हेस्टर म्हणाली. हूकच्या बाहेर दोन डोलकाठ्यांचं एक जहाज उभं होतं, आणि त्याच्याजवळ एकही मचवा नव्हता.

रविवारी काम करायला आमच्या पाद्रीबुवांनी फक्त वाटाड्यांना सूट दिली आहे, जहाजांना वार कळत नाही म्हणून. दोघे भाऊ एकदम उठले. ट्यूनिसनं खुंटीवरचा मासळीचा वास येणारा जुना कोट ओढला आणि तो दाराबाहेर पडलासुद्धा. कॉर्नेलियस मात्र टोपी शोधत होता. न्यूयॉर्कचा वाटाड्या जहाजावर चढतो तो उंच काळी टोपी आणि लांब कोट घालून, लग्नाला निघाल्यासारखा. टोपीशिवाय चढणं म्हणजे धोतराशिवाय देवळात जाणं. टोपी सापडली फीबीच्या खुर्चीवर. फीबी तिच्यावर बसलेली नव्हती, पण विचार करत होती.

दोघे किनाऱ्यावर पोचले तेव्हा मचव्यात आधीच कोणीतरी बसलेलं होतं. संधिवातानं जिना चढता न येणारा, कानांनी काही ऐकू न येणारा गेरिट नांगर उचलून, शीड अर्धं चढवून वाट बघत होता. "वारा बरा आहे," तो म्हणाला. "भांडण मागाहून करा."

बायका खिडकीत राहिल्या. दुर्बीण एक आणि ती हेस्टरच्या हातात. फीबीनं दोनदा मागितली. हेस्टरनं, डोळ्याला लावून घेतलीय तर जरा बघू दे, म्हणत तिसऱ्यांदा फिरवून घेतली. जेमायमा रस्सा गाळत होती. ती पुन्हा कोणाच्याच बाजूची नव्हती.

हूकपर्यंत दीड तासाची वाट. ट्यूनिस सवयीनं सुकाणूवर बसला होता, कॉर्नेलियस सवयीनं पुढे उभा होता, टोपी हातानं धरून. दोघांच्याही डोक्यात एकच हिशेब होता: हाक कोणाची पहिली? कॉर्नेलियसला वाटत होतं, आवाज माझा मोठा. ट्यूनिसला वाटत होतं, मचवा माझ्या हातात आहे, मी जरा आडवा धरला तर दादाचं तोंडच त्या बाजूला यायचं नाही. असा विचार आपल्या मनात आला याची त्याला लाज वाटली. तरी त्यानं सुकाणू बोटभर वळवून पाहिलं, आणि पुन्हा सरळ केलं.

ट्यूनिसला काय हवं होतं, ते साधं होतं. एकदा तरी त्याला त्या शिडीवरून वर जायचं होतं. मचवा खाली लहान होत जाताना वरून कसा दिसतो, एवढंही त्याला माहीत नव्हतं.

जहाज उत्तरेकडच्या मेन राज्यातलं, लाकूड भरलेलं, नाव 'पेशन्स'. कप्तान ग्रॉट नावाचा सुकलेला माणूस. वाटाड्याची फी वाचवून भरतीबरोबर गुपचूप आत घुसायचा त्याचा बेत होता, म्हणून मचवा दिसताच तो पाठ करून उभा राहिला. कायदा हाकेचा आहे. ऐकूच आलं नाही तर हाक कसली. आमच्या म्हाताऱ्यासारखाच त्याचाही कान गरजेपुरता होता.

हाकेच्या टप्प्यात येताच दोघा भावांनी छाती भरून श्वास घेतला. पण त्याआधीच मागून जो आवाज निघाला त्यानं शिडावरचे पक्षी उडाले. "ओ जहाजवाले! वाटाड्या आणलाय!" चाळीस वर्षांची सवय. गेरिटनं विचार केलाच नव्हता. जहाज दिसलं, तोंड उघडलं.

एवढी हाक पाठीलाही ऐकू येते. ग्रॉट वळला. त्यानं विचारलं, परवाना आहे का? गेरिट म्हणाला, नाही, दोन वर्षांपूर्वी परत केला. ग्रॉटचा चेहरा उजळला. मग तुमची हाक ही हाकच नव्हे, तो म्हणाला, आणि बाकीच्या दोघांनी तर तोंडच उघडलेलं नाही. तेव्हा राम राम, माझा मी जातो. आणि फी द्यावीच लागली तरी माझं बूड अकरा फूट.

"साडेबारा," दोघे भाऊ एकाच वेळी म्हणाले.

जहाजाच्या मागच्या बाजूला फुटांचे आकडे रंगवलेले असतात. ग्रॉटनं त्यांवर ओलं गोणपाट लोंबकळत सोडलं होतं. ट्यूनिसनं आकड्याची गरज नाही म्हणून सांगितलं, किती बुडालंय ते बाजूच्या पट्टीवरून कळतं. कॉर्नेलियसनं पुस्ती जोडली की अकरा फूट समजून पूर्वेच्या दांड्यावरून गेलात तर संध्याकाळी आम्ही लाकूड गोळा करायला येतो. सकाळपासून दोघे भाऊ पहिल्यांदाच एका बाजूला आले होते. ते दोघांच्याही लक्षात आलं, आणि दोघांनीही दुसरीकडे पाहिलं.

ग्रॉटला दांड्याचं ऐकून घाम फुटला. बरं, म्हणाला, या कोणीतरी. कोण येतंय?

गेरिट थोरल्याकडे वळला. आता कानाला हात नव्हता. "नेल," त्यानं लहानपणच्या नावानं हाक मारून विचारलं, "हाक कोणाची?"

"मचव्याची," कॉर्नेलियस म्हणाला.

"मागचं जहाज कोणी आणलं?"

मंगळवारी कॉर्नेलियसनं आणलं होतं. त्याच्या आधीचं त्यानंच, आणि त्याच्याही आधीचं. आत्ता, याच क्षणी, स्वतः मोठ्यानं हाक मारली तर कायद्यानं जहाज त्याचं होत होतं. दुपारचा नियम जेवणाच्या टेबलावर राहिला असता. त्यानं खरोखरच तोंड उघडलं. आणि मग त्याच्या हाताला काहीतरी लागलं.

दोरीची शिडी होती. ट्यूनिसनं मचवा जहाजाच्या पोटाशी आणून असा लावला होता की शिडी नेमकी कॉर्नेलियसच्या हातात यावी. ना वीतभर पुढे, ना मागे. बावीस वर्षं तो तसाच लावत आला होता. आजच्या दिवशी, ज्या शिडीसाठी जर्सीला जाऊन नावं ठेवून घेतली, ती शिडीही त्यानं सवयीनं दादाच्याच हातात दिली होती. स्वतः मात्र तो मागे, सुकाणू घट्ट धरून. सोडलं तर मचवा आपटेल, हे त्याच्या आता लक्षात आलं होतं, आणि त्याचं तोंड पडलं होतं.

कॉर्नेलियसनं शिडीकडे पाहिलं, मग भावाकडे. त्याला रडू आलं असं आम्ही म्हणणार नाही, वारा होता. तो मागे गेला.

"ऊठ," तो म्हणाला. "सुकाणू इकडे दे. पाळी तुझी आहे."

ट्यूनिस उठला आणि सवयीनं दोर सावरायला वळला. बापानं मागून ढकललं. तो शिडी चढायला लागला तेवढ्यात वरून ग्रॉट ओरडला, की मी वाटाड्या मागितला, हा कोळी कशाला पाठवताय? कोटाला खवले चिकटलेत.

कॉर्नेलियसनं डोक्यावरची टोपी काढली. ती टोपी तो कोणाला हात लावू देत नसे. बायकोलाही ती झटकायची परवानगी नव्हती, फक्त ब्रश धरायची होती. त्यानं ती वर केली आणि ट्यूनिसच्या हातात दिली. "डोकं मोठंय तुझं," तो म्हणाला. "ताणू नकोस तिला."

इकडे खिडकीत हेस्टरनं दुर्बिणीतून पाहिलं ते एवढंच: जहाज भरतीबरोबर आत वळलंय आणि त्याच्या डेकवर, सुकाणूवाल्या खलाशाशेजारी, उंच काळी टोपी. तिच्या छातीवरचं ओझं उतरलं. तिनं दुर्बीण खाली घेतली, कपाटावरून काळा डबा काढला आणि फीबीला म्हणाली, हे बघ, मनाला लावून घेऊ नकोस, तुझाही रंग काही वाया जाणार नाही, कोंबड्यांच्या खुराड्याला लाव. फीबीनं मान हलवली. रिकामा मचवा घरी येताना बघायची तिला सवय होती, पण आज बघवणार नाही असं तिला वाटलं, आणि तरीही ती किनाऱ्यावर गेली, कारण दोर धरायला रोज तीच जात असे. नवऱ्याचं जहाज पुढून जाताना बघायला हेस्टरही काखेत दुर्बीण घेऊन मागोमाग आली.

मचवा आला. पण कसा आला म्हणता. आधी तो शेजाऱ्यांनी कालवांच्या वाफ्यांभोवती रोवलेल्या खांबांमधून गेला. मग वळला, शीड फडफडलं, तो उलटा फिरला आणि पुन्हा दूर गेला. किनाऱ्यावर माणसं जमली. फीबीचा चेहरा पांढरा पडला. बावीस वर्षांत ट्यूनिसनं एकदाही असा मचवा आणला नव्हता, तापात नाही की वादळात नाही. "त्याला काहीतरी झालंय," ती म्हणाली. "जाऊबाई, त्यानं जिवाचं काहीतरी केलंय." हेस्टरनं तिचा हात धरला. खरंच धरला, दाखवायला नव्हे.

आणि मग सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, ऐन भरतीच्या टोकाला, 'आल्टजे' घराच्या समोरच्या गाळात जाऊन रुतली. भरतीच्या टोकाला रुतलेली होडी म्हणजे पुढचे बारा तास तिथेच. जगातला कुठलाही वाटाड्या हे करत नाही. सुकाणूवरचा माणूस उभा राहिला. त्याचं डोकं उघडं होतं, आणि उतरत्या उन्हात त्याचं टक्कल दुरूनही ओळखता येत होतं.

"अगं, हे तर आमचे हे," हेस्टर म्हणाली.

मचव्यातून गेरिटचा आवाज आला, की यानं सगळी न्यूयॉर्कची गलबतं आणली पण स्वतःचं अंगण काही सापडलं नाही, आणि जेमायमाला सांगा, रस्सा उरला असेल तर ओहोटीला चालत घेऊन ये, वाळूसकट चालेल. माणसं हसायला लागली. जेमायमाही हसली. कॉर्नेलियस गाळाकडे बघत उभा होता. बावीस वर्षांत आज पहिल्यांदा मचवा त्यानं स्वतः घरी आणला होता, आणि तोही पन्नास हात अलीकडेच राहिला होता.

तेवढ्यात मागून, खोल पाण्यातून 'पेशन्स' शहराकडे सरकत गेली. शांत, सरळ, दोन्ही दांड्यांच्या मधोमध. डेकवरच्या माणसानं किनाऱ्याकडे वळून टोपी काढली आणि हातात उंच धरली. ती परत घालताना त्याला दोन्ही हात लावावे लागले.

फीबीला एवढ्या दुरून नुसता ठिपका दिसत होता. तिनं डोळ्यांवर हात धरला आणि ती चवड्यांवर उभी राहिली. हेस्टरनं दुर्बीण डोळ्यावरून काढली, झग्याच्या टोकानं काच पुसली आणि तिच्या हातात दिली.

"घे बाई," ती म्हणाली. "तुझा आहे."